कपाळावरची पिवळी चिठ्ठी

९ जानेवारी

ताई,

नमस्कार. पत्र पोचलं. "ह्यांची कंबर धरली आहे, घरात बसून कंटाळलेत, तुझ्या त्या गोडाऊनमधलं काहीतरी हसवणारं पाठव," ही ओळ मी गिऱ्हाईक समोर ताटकळत असताना पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या व्हिडिओ लायब्ररीला तू गोडाऊन म्हणतेस त्याचं आता मला काही वाटत नाही. पण सख्ख्या बहिणीने माझ्याकडे सिनेमा मागायला इतकी वर्षं जावी लागली. असो, देर से सही म्हणतात तसं.

पार्सलमध्ये तीन कॅसेटी आहेत. तिन्ही चिनी. लगेच नाक मुरडू नकोस, आधी ऐकून घे.

यातली भुतं आपल्या ओळखीची नव्हेत. पांढरी साडी नाही, मोकळे केस नाहीत. जुन्या काळचे मेलेले अंमलदार असतात, पायघोळ झगे घातलेले, डोक्यावर गोल टोपी, तोंड पिठात बुडवून काढल्यासारखं. मेल्यावर अंगाचं लाकूड झालेलं, गुडघा म्हणून वाकत नाही. त्यामुळे बिचाऱ्यांना चालता येत नाही. दोन्ही हात समोर ताठ धरून टुणटुण उड्या मारत येतात आणि गळ्याला चावतात. त्यांना दिसत काहीच नाही, माणसाच्या श्वासावर येतात. म्हणजे भूत समोर आलं की नाक दाबून उभं राहायचं, गाल फुगवून, डोळे वटारून, आणि नेमकी त्याच वेळी शिंक यायची. यांना आवरायला एक मांत्रिक गुरुजी असतात, हातात घंटा घेतलेले. भुताच्या कपाळावर पिवळ्या कागदाची मंतरलेली चिठ्ठी डकवली की ते जागच्या जागी थिजतं. वाऱ्याने चिठ्ठी उडाली की पुन्हा टुणटुण. गुरुजींचे दोन चेले असतात, दोघेही अकलेने दिवाळखोर, आणि चिठ्ठी हमखास त्यांच्याच हातून सुटते.

आणि मारामारी! लहानपणापासून कोलांट्या मारत वाढलेली माणसं आहेत ती. टेबलावरून बाकावर, बाकावरून थेट शवपेटीवर. पडतात तेव्हा खरोखर पडतात, आपल्याच कंबरेत कळ येते.

निळं लेबल असलेली आधी लावा, ती सर्वांत हसवणारी. हिरव्या लेबलच्या कॅसेटमध्ये भावोजींच्या धंद्यातली एक गंमत आहे. काय ते मी सांगणार नाही, सुतार माणसाला आपोआप कळेल. लाल लेबलमध्ये भूत नाही, नुसती हाणामारी. एक म्हातारी धोबीण ओल्या चादरीने अख्खी टोळी बडवून काढते. ती तुझ्यासाठी, कारण तुझ्या हातात ओला टॉवेल असायचा तेव्हाचं माझं लहानपण मला आठवतं.

भावोजींना सांग, तुझ्या मागच्या पत्राच्या तळाशी त्यांची नेहमीची ओळ होती ती वाचायला मला भिंग लागलं. मुंग्यांची रांग गेल्यासारखं अक्षर. कागद वाचवून बंगला बांधायचा विचार आहे का? आणि माझ्या शेल्फचं काय झालं? कॅसेटी जमिनीवर पडून आहेत, उंदीर त्यांचे सभासद झालेत.

बघून झाल्यावर कॅसेटी उलट फिरवून ठेवायला विसरू नका.

तुझा,
टिल्ल्या


३० जानेवारी

प्रिय टिल्ल्या,

पार्सल मिळालं. निळी कॅसेट बघितली. बरी होती. बाकीच्या बघायला सवड होईलसं वाटत नाही. बाइंडिंगचं काम फार आलंय, घरभर छापील कागदांचे ढीग आहेत. ह्यांनाही वर्कशॉपात मोठी ऑर्डर आहे. त्यामुळे तुझं शेल्फ इतक्यात होणार नाही. आणखी कॅसेटी पाठवू नकोस.

तब्येतीला जप. वेळेवर जेवत जा.

ताई


८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र म्हणायचं की वीज मंडळाची नोटीस? तळाशी भावोजींची ओळसुद्धा नाही. आणि कंबर धरलेला माणूस मोठी ऑर्डर कशी काय उचलतो?

मला कळलं काय झालं ते. तुला ते सिनेमे हलके वाटले. शेजारीपाजारी काय म्हणतील, बाइंडिंगवाल्या बाईंच्या घरी दिवसाढवळ्या उड्या मारणारी मढी! ताई, इथे माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका येतात. नवरा गेल्यानंतर वर्षभर काही बघितलं नव्हतं त्यांनी. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, काहीतरी चांगलं द्या. मी त्यांचा चेहरा बघितला आणि नेमकी हीच निळी कॅसेट दिली. परत करायला आल्या तेव्हा काउंटरवर हात टेकून हसत होत्या. माझ्याजवळ दुसरी कुठली अक्कल नाही, तुलाही ठाऊक आहे. दहावीला माझा निकाल तूच बाबांपासून लपवला होतास. पण माणसाचा चेहरा बघून सिनेमा द्यावा तो मीच. आजवर एकही गिऱ्हाईक चुकीची कॅसेट दिली म्हणून परत आलेलं नाही.

तेव्हा रागावू नकोस, हिरवी कॅसेट लाव. मी गेल्या खेपेला आलो होतो तेव्हाच भावोजींचं काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. स्टँडवर मला पोचवायला आले तर पावलं अशी टाकत होते की मी म्हटलंसुद्धा, भावोजी, वरातीपुढे चाललात काय, गाडी सुटेल माझी. ते हसलेही नाहीत. त्या माणसाला हसवायला हवं.

सोबत एक औषध पाठवतोय. पिवळ्या कागदाची चिठ्ठी, लाल शाईने मी स्वतः मंतरलेली. तिच्यावर लिहिलंय: "हलू नये. हुकुमावरून." ही भावोजींच्या कपाळावर चिकटव, म्हणजे कंबर बरी होईपर्यंत वर्कशॉपकडे पळणार नाहीत. दोन्ही हात समोर ताठ करून त्यांना दारात उभं कर आणि शेजारणीला हाक मार. तिची काय त्रेधा उडते ते मला सविस्तर लिही.

तुझा,
टिल्ल्या


२० फेब्रुवारी

टिल्ल्या,

तुझं पाकीट ह्यांनी फोडलं. मी बाइंडिंगचे गठ्ठे पोचवायला गेले होते. परत आले तर हे खाटेवर बसलेले, एका हातात तुझं पत्र, दुसऱ्या हातात ती पिवळी चिठ्ठी. चिठ्ठी थरथरत होती. मला विचारलं, "त्याला तू कळवलंस?" मी शपथ घेतली, नाही म्हणून. तर म्हणाले, "मग त्याला न सांगताच दिसलं. चेहरा ओळखतो म्हणतो ना."

ह्यांची कंबर धरलेली नाही. ह्यांना कंपवात आहे. दोन वर्षं होतील. आधी उजवा हात थरथरायला लागला, रंधा धरवेना. मग सगळं अंग आखडत गेलं. चेहराही. हसू आलं तरी तोंडावर येत नाही, म्हणून तू स्टँडवर केलेल्या थट्टेला हसले नाहीत. अक्षर मुंगीएवढं झालंय तेही त्यातलंच. आणि चालताना पाय जमिनीला चिकटतात. मन पुढे जातं, पाय राहतात मागे. दारात, उंबऱ्यापाशी तर हमखास. वर्कशॉपाला कुलूप आहे. गिऱ्हाईक आलं की मी सांगते, मोठी ऑर्डर आहे, सवड नाही. तुलाही तेच सांगितलं.

कुणाला सांगायचं नाही असं ह्यांनी बजावलं होतं. लोक कीव करतील, माझ्या हातची कपाटं वापरतात ते माझ्याकडे लुळा म्हणून बघतील, म्हणाले. मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं होतं. मलाही लाज वाटत होती. नवरा आजारी पडल्याची कसली लाज ते विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. पण वाटत होती.

आता ते निळ्या कॅसेटचं. रविवारी दुपारी लावली. मी आणि समोरच्या घरातली चष्मेवाली खाली बसून पुस्तकाचे छापील ताव, फर्मे, दुमडत होतो, हे खुर्चीवर. तू लिहिलं होतंस तसंच होतं सगळं. ते चेले नाक दाबून उभे राहतात, आणि एकाला उचकी लागते, आणि ते मढं उड्या मारत त्याच्या नाकासमोर येऊन थांबतं. टिल्ल्या, मी हसले. पोट धरून हसले. मांडीवरचे फर्मे घरभर झाले. वर्षभरात या घरात कुणी तसं हसलं नव्हतं. डोळे पुसत वर बघितलं तर हे पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मग हे उठले. आतल्या खोलीकडे निघाले आणि उंबऱ्यापाशी पाय चिकटले. हात तोल सावरायला थोडे पुढे आलेले. मागे सिनेमात ती घंटा वाजत होती. चष्मेवालीला काही ठाऊक नाही. तिला वाटलं हे नक्कल करतायत. ती टाळी देऊन हसली. म्हणाली, अहो, चिठ्ठी आणू का?

आणि मीही हसले. मला माहीत असून हसले. तोंडातून निघूनच गेलं. तिच्यापुढे लपवायला म्हणून हसले की खरंच हसू आलं, देवाला ठाऊक. नवऱ्याचे पाय अडलेले बघून मी हसले, एवढंच खरं.

त्या दिवसापासून हे खोलीबाहेर येत नाहीत. जेवण आतच देते. एरवी बोलतात ते हो किंवा नाही. आणि वर तुझी चिठ्ठी आली. "हलू नये." ती ह्यांनी सदऱ्याच्या खिशात घातली, मला फाडू दिली नाही.

तुला दोष देत नाही. तुला कुठे माहीत होतं. पण आता काही पाठवू नकोस. आणि येऊ तर मुळीच नकोस.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

चार पत्रं लिहिली आणि फाडली. हे पाचवं कसंही असलं तरी टाकणार आहे.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. तुझं पत्र दुकानात वाचलं, शटर अर्धं ओढलं आणि मागे कॅसेटींच्या ढिगाऱ्यात जाऊन बसलो. बाहेर गिऱ्हाइकं हाका मारत होती. नंतर शटर उघडलं तर त्या मुख्याध्यापिकाबाईच होत्या. म्हणाल्या, आज काय देताय? माझ्याने त्यांच्या तोंडाकडे बघवेना. जे हाताला लागलं ते दिलं.

चेहरा बघून सिनेमा देतो म्हणून किती मिरवलं मी. तुझ्या बाबतीत चेहरा कुठे बघितला? पत्रावरूनच ठरवलं. आणि भावोजींचा चेहरा तर स्टँडवर हातभर अंतरावर होता. तो हलत नाही हे मला दिसलं होतं. दिसलं आणि मी त्याचा विनोद केला. ज्या माणसाने मला पहिलं काउंटर करून दिलं, त्याच्या चालीला मी वरात म्हटलं. आणि मग घरी बसून, जीभ बाहेर काढून, लाल शाईने ते शब्द कोरले. अक्षर चांगलं यावं म्हणून दोन कागद वाया घालवले.

तू हसलीस म्हणून स्वतःला खात बसू नकोस, असं लिहिणार होतो. पण मी कोण लिहिणारा? हसायला लावलं मी.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. त्या सिनेमांमागे एक जुनी दंतकथा आहे. घरापासून लांब मेलेल्या माणसांना गुरुजी घंटा वाजवत त्यांच्या गावी घेऊन जातात. उचलून न्यायला माणसं नसतात, म्हणून ती आपल्याच पायांनी जातात, जमेल तशी. एवढंच. ती चावायला निघालेली नसतात मुळात, घरी निघालेली असतात. मला हे ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकाला हे सांगितलं तर कॅसेट जात नाही, म्हणून मी फक्त उड्या सांगतो.

आता सांगून काय उपयोग म्हणा. बैल गेला आणि झोपा केला.

येऊ नकोस म्हणालीस, येणार नाही. तीन कॅसेटी तिथेच कुठेतरी टाकून दे. शेल्फचं नाव मी पुन्हा काढणार नाही.

टिल्ल्या


९ एप्रिल

प्रिय टिल्ल्या,

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि मग एकदम झालं.

तुझं मागचं पत्र मी ह्यांच्या उशाशी ठेवून दिलं होतं. वाचलं की नाही ते विचारलं नाही. मग एका सकाळी आतून आवाज आला, "ती हिरवी कॅसेट लाव." मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, "माझ्या धंद्यातलं काहीतरी आहे म्हणाला होता तो."

दारं लावून घेतली, दोघंच बसलो. मी पडद्याकडे बघतच नव्हते, हातातल्या सुईकडे बघत होते. हसू येईल याची इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. मग ते आलं. तुला माहीतच आहे. गुरुजी चेल्यांना शवपेटीवर रेषा मारायला सांगतात, म्हणजे भूत बाहेर येणार नाही. सुताराची दोरी घेतात, शाईत भिजवलेली. दोघं दोन टोकं धरून ताणतात, मध्ये चिमटीत उचलून सोडतात, फटकन लाकडावर सरळ काळी रेघ.

हे खुर्चीवर पुढे सरकले. म्हणाले, "गाढवं आहेत. एवढी वर उचलली तर रेघ फुटणार नाही का?"

दोन महिन्यांत ह्यांच्या आवाजात तो जुना जोर पहिल्यांदा ऐकला. मग कॅसेट मागे न्यायला लावली. पुन्हा बघितलं. पुन्हा चेल्यांना शिव्या. मग म्हणाले, "वर्कशॉपात माझे पाय अडत नव्हते. शेवटपर्यंत नाही. घरी अडतात."

मला आधी कळलं नाही. वर्कशॉपाची जमीन फळ्यांची आहे, ठाऊक आहे ना तुला, दोन फळ्यांमध्ये फटी. घरात सगळा गुळगुळीत कोबा. ह्यांचं म्हणणं, फट दिसली की पाय ती ओलांडायला आपोआप उचलला जायचा. कोब्यावर ओलांडायला काही नाही, म्हणून पायाला उचलायचं कारण मिळत नाही.

मला कुलूप उघडून दोरीची डबी आणायला पाठवलं. शाई वाळली होती, मी पाणी घातलं. ह्यांनी एक टोक भिंतीशी धरलं, मी दुसरं ताणलं. दोरी सोडायचं काम ह्यांच्या बोटांना जमेना. म्हणाले, तू सोड. फार वर उचलू नकोस. माझी पहिली रेघ फुटली. दुसरी सरळ आली. खाटेपासून दारापर्यंत चार हात जागेत आम्ही आडव्या रेघा मारत गेलो, ह्यांच्या पावलाच्या मापाने. माझा पुसून लख्ख ठेवलेला कोबा शिडीसारखा झाला.

मग हे उभे राहिले. पहिल्या रेघेकडे बघितलं. आणि पाय उचलला. टिल्ल्या, दारापर्यंत चालत गेले. सावकाश, पण न अडता.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. काही जणांना रेघांचा उपयोग होतो, म्हणाल्या, हे मीच आधी सांगायला हवं होतं. आजार यामुळे बरा होणार नाही, तो वाढतच जाईल, हेही सांगितलं. ठीक आहे. हे आता स्वयंपाकघरात येऊन जेवतात. चष्मेवालीला मी खरं काय ते सांगितलं. ती बिचारी रडली, आणि आता येताजाता रेघांवर पाय न देता उड्या मारत जाते. तिला कोण सांगणार की ते कसं दिसतं.

पण त्या रविवारबद्दल ह्यांनी एक शब्द काढलेला नाही. मीही नाही. ह्यांनी एकदा रागवावं, बोलून टाकावं असं मला वाटतं. मान खाली घालून रेघा बघत ह्यांच्याबरोबर चालते आणि मनात येतं, आता म्हणतील, तू हसलीस. म्हणत नाहीत. त्या उंबऱ्यापाशी अजून अडतात, नेमकं तिथेच. मी दुसरीकडे बघते.

अजून येऊ नकोस. पण पत्र लिही. हवं तर ह्यांनाच लिही.

ताई


१६ एप्रिल

आदरणीय भावोजी,

साष्टांग नमस्कार. तुम्हाला मी आजवर आदरणीय लिहिलं नव्हतं, तेव्हा हा शब्द बघून तुम्हाला हसू येईल. चेहऱ्यावर नाही आलं तरी मी आलं असंच धरीन.

मला माफ करा असं लिहायला हात उचलत नाही, कारण माफी मागणं फार सोपं आहे आणि ती चिठ्ठी मी कष्ट घेऊन लिहिली होती. स्टँडवर मी जे बोललो ते आठवलं की अजून काउंटरमागे खाली वाकावंसं वाटतं. तुम्ही मला पोचवायला आला होतात. पाय उचलत नसताना. घरी बसून टाटा केला असतात तरी चाललं असतं, पण तुम्ही आलात, आणि मी घड्याळ बघत होतो.

ती चिठ्ठी फाडून टाका, एवढीच विनंती. ती तुमच्या खिशात आहे हे ताईने लिहिल्यापासून मला चैन नाही.

ताईवर रागावू नका. ती हसली तो सिनेमाचा दोष, आणि सिनेमा माझा.

तुमचा,
टिल्ल्या


२ मे

मेव्हणेबुवा,

भिंग घे. अक्षर याहून मोठं येत नाही. एवढं लिहायला मला तीन सकाळी लागल्या आहेत, तेव्हा नीट वाच.

चिठ्ठी फाडणार नाही. कागद चांगला आहे. मी ती आतल्या उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर खळीने चिकटवली आहे. तिथे काळी रेघ पुरत नव्हती, आता पिवळं दिसलं की पाय उचलतो. रोज "हलू नये" ओलांडून आत जातो आणि बाहेर येतो. तुझा हुकूम मोडायला मजा येते. स्टँडवरचं सोडून दे. गाडी खरंच सुटली असती.

मला राग आला असेल असं वाटून तू वाकतोस, तुझी बहीण मान खाली घालते. दोघांनी मिळून मला देव करून ठेवलंय. मी रागावलोच नव्हतो. मी का उठलो ते सांगतो. तोंडाने सांगायची मला लाज वाटते म्हणून लिहितो.

ती हसली तेव्हा मला वाटलं, हा आवाज कुठला? मग आठवलं, हिचाच. मी विसरून गेलो होतो. दारं लाव, कुणाला सांगू नकोस, माझी ऑर्डर आहे म्हण. हे सगळं मी तिच्याकडून करवून घेतलं आणि ती वर्षभर थिजून उभी होती. माझे पाय आजाराने अडले. तिच्या कपाळावर चिठ्ठी मी लावली. वाऱ्याने एका दुपारी उडाली, तर ती हसली. मला रडू आलं, आणि ते चष्मेवालीपुढे नको म्हणून उठलो. उंबऱ्यात अडकलो ही गोष्ट वेगळी. तिथे मी कसा दिसत असेन ते मला ठाऊक आहे. मीही हसलो असतो.

हे तिला सांगायला हवं. तीन महिने रोज सांगेन म्हणतो, पाय चिकटतात तशी जीभ चिकटते. म्हणून हे पत्र पेटीत टाकायला तिच्याकडेच देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

शेल्फ मी करणार नाही, हात चालत नाहीत. लाकूड घेऊन ये. मी सांगेन, तू काप. दोरी ती मारेल, तिला आता चांगली जमते.

भावोजी

ता. क. टिल्ल्या, वाचलं, आणि आता पाकीट मीच चिकटवतेय. ह्यांना वाटतंय मी फर्मे शिवतेय. मघापासून डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून टाका चुकतोय. शनिवारी ये. लाल कॅसेट आम्ही अजून बघितलेली नाही. तू आलास की दार उघडं ठेवून बघू.

ताई